वहीचं पहिलं पान, वहीचं शेवटचं पान: पदवी नसताना हस्ताक्षराचे वर्ग कसे सुरू करावेत

कोल्हापूरच्या राजारामपुरीत हस्ताक्षराचा वर्ग सुरू केला त्याला ११ वर्षं झाली. एवढ्या काळात "मॅडम, तुमचं शिक्षण किती?" असं मला दोनच पालकांनी विचारलं. बाकी सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच असतो, "किती दिवसांत फरक पडंल?" आणि लगेच दुसरा, "आधीच्या पोरांच्या वह्या हायत का? दाखवा की जरा."

माझं शिक्षण बारावीपर्यंत. लग्नाआधी शिवाजी पेठेत राहत असताना तालमींच्या स्पर्धांची प्रमाणपत्रं, शाळांची बक्षीसपत्रं, एखाद्या गुरुजींच्या निरोप समारंभाचं मानपत्र असलं काहीबाही लिहून द्यायचे. एका नावाला दोन रुपये. अक्षर चांगलं होतं म्हणून गल्लीतल्या एका काकींनी आपल्या नातवाला माझ्याकडे पाठवलं आणि मला वाटलं, हे तर सोपं आहे. मी लिहून द्यायचं, त्यानं गिरवायचं. दोन महिने त्यानं गिरवलं. कित्त्यावर अक्षर सुंदर यायचं आणि शाळेच्या वहीत पुन्हा कोंबडीचे पाय. मग कळलं, मी त्याच्या अक्षराकडे बघत होते, लिहिणाऱ्या हाताकडे एकदाही बघितलं नव्हतं. पुढे जे काही शिकले ते सगळं या एका चुकीतून, आणि खाली सांगतेय तेही त्यावरच उभं आहे.

आधी कायद्याचं

भीती इथेच असते म्हणून हे पहिल्यांदा. शाळेत शिक्षक व्हायचं तर डी.एड. आणि टीईटी ही शिक्षक पात्रता परीक्षा लागते. घरगुती हस्ताक्षर वर्गाला तशी अट नाही. पण जानेवारी २०२४ मध्ये केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने कोचिंग सेंटरांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, आणि त्यात शिकवणारा किमान पदवीधर हवा, १६ वर्षांखालच्या मुलाला प्रवेश देऊ नये, असं लिहिलेलं आहे. ही बातमी वाचून मला तीन मैत्रिणींचे फोन आले, आता आपलं बंद का म्हणून. त्याच सूचनांमध्ये कोचिंग सेंटर म्हणजे काय तेही दिलं आहे: ५० पेक्षा जास्त विद्यार्थ्यांना अभ्यासाची किंवा स्पर्धा परीक्षेची शिकवणी देणारी जागा. खेळ, नृत्य, नाट्य आणि इतर सर्जनशील उपक्रम त्यातून वगळले आहेत. म्हणून दोन गोष्टी पाळा. एकूण पट ५० च्या आत ठेवा, आणि "हस्ताक्षरासोबत गणित पण घ्या की" असा आग्रह झाला तरी विषयाची शिकवणी या वर्गात मिसळू नका. पाटीवर "हस्ताक्षर वर्ग" एवढंच असू द्या.

शाळेत नोकरी करणारी एखादी बाई भागीदारीत यायला तयार होईल. नको म्हणा. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २८ नुसार शाळेतल्या शिक्षकाला खासगी शिकवणी घेता येत नाही.

कागदपत्रं फार नाहीत. आधार आणि पॅनवर उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या व्यवसायाची सरकारी नोंदणी, ऑनलाइन आणि मोफत होते. त्यासाठी एजंटाला पैसे देऊ नका. मोजकेच कामगार असतील तर २०१७ च्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायद्याखाली फक्त ऑनलाइन सूचना द्यावी लागते. सेवा व्यवसायाला जीएसटीची मर्यादा वर्षाला २० लाख आहे, तिथपर्यंत आपण पोहोचत नाही. एक पावती पुस्तक छापून घ्या आणि पहिल्या मुलापासून पावती द्या. पावती देणाऱ्या बाईशी लोक वेगळ्या आवाजात बोलतात, हे मी अनुभवानं सांगते.

स्वतःचा हात, रोज ४० मिनिटं, ६ महिने

तुमचं अक्षर आत्ता चांगलं असेल, पण तुम्ही ते कसं काढता हे तुम्हाला माहीत नसतं. शिकवायला तेच लागतं. दुरेघी वही घ्या, एचबी पेन्सिल घ्या आणि बाराखडी विसरून अक्षरांची घराणी लावा. आपल्याकडे मुळाक्षरांची सुरुवात "गमभन" पासून करतात ती उगाच नाही. शेवटी उभा दंड असलेली ही सोपी अक्षरं. मग व, ब, क, ज्यांच्या पोटात एकच गोल आहे. प, फ, ष एकत्र. य, थ एकत्र. घ, ध, छ एकत्र. र, स, ख एकत्र. ट, ठ, ढ, द ही शिरोरेषेला लोंबणारी. ड, इ, ह, झ ही मुरडणारी, सगळ्यात अवघड. ण, श, ळ, क्ष, ज्ञ यांना एकेकटं शिकवावं लागतं. प्रत्येक अक्षर कुठून सुरू होतं, कुठे वळतं, कुठे थांबतं, पेन्सिल कितीदा उचलते, हे स्वतःच्या शब्दांत लिहून काढा. माझी ती वही अजून माझ्याकडे आहे. "क" साठी लिहिलंय: आधी डावा गोल, मग दंड, मग उजवी मूठ, शेवटी डोक्यावर रेघ. मुलं दंड आधी काढतात म्हणून दोन्ही बाजू एकमेकींशी भांडतात.

मराठी माध्यमाचं मूल असेल तर ल पाकळीचा आणि श देठाचा शिकवा. महाराष्ट्र शासनाने २००९ मध्ये आणि पुन्हा २०२२ मध्ये काढलेल्या निर्णयांत मराठीसाठी हीच रूपं धरली आहेत. मोबाइलवर हिंदी वळणाचा ल बघून मुलं तोच गिरवतात, आणि शाळेत बाई खोडतात.

इंग्रजीचंही तसंच. c, a, d, g, q, o हे एका दिशेनं गोल फिरणारं घराणं. r, n, m, h, b, p हे कमानीचं. i, u, t, w हे खाली वळणारं. l, e, f हे फासाचं. ताराबाई पार्ककडच्या इंग्रजी शाळांतली मुलं येणार असतील तर सुटं आणि जोडून, दोन्ही वळणं तुमच्या हाताला हवीत.

फळ्यावर लिहिणं ही वेगळी विद्या आहे. तिथे मनगट कामाला येत नाही, खांद्यापासून हात फिरतो. आपल्या गावात एके काळी प्रत्येक पेठेत बोर्ड रंगवणारे पेंटर होते. फ्लेक्स आले आणि ते काम गेलं. तुमच्या ओळखीत असे कुणी काका असतील तर महिनाभर त्यांच्याकडे जाऊन बसा. मला एका काकांनी शिकवलं की रेघ ओढताना ब्रशच्या टोकाकडे बघायचं नाही, रेघ जिथे संपणार तिथे बघायचं. हे वाक्य मी आजही तिसरीच्या मुलांना सांगते आणि त्यांची शिरोरेषा खरोखर सरळ येते.

खासगी संस्था हस्ताक्षर शिक्षकाचं प्रशिक्षण देतात, प्रमाणपत्रही देतात. घ्यायला हरकत नाही, पण पैसे भरण्याआधी एकच विचारा: मराठी अक्षरं शिकवता का, आणि प्रत्यक्ष मुलासमोर बसवता का? नुसत्या इंग्रजी वळणाच्या छापील वह्या विकत असतील आणि दरवर्षी त्याच वह्या घ्यायची अट असेल तर दूर राहा. शाळेत असताना एलिमेंटरी, इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षा दिल्या असतील तर ती प्रमाणपत्रं शोधून काढा, भिंतीवर लावा. त्यात अक्षरलेखनाचा भाग असतो आणि पालकांना ते नाव ओळखीचं असतं. अक्षरावरून स्वभाव सांगण्याच्या कोर्सच्या नादाला लागू नका. त्याला शास्त्राचा आधार नाही, आणि "तुमचा मुलगा चंचल आहे, त्याच्या त वरून कळतं" असं आईसमोर बोलणं म्हणजे त्या पोराच्या माथी काहीतरी चिकटवून देणं.

हात बघायला शिकणं

या भागात घाई करू नका. मूल पहिल्यांदा येईल तेव्हा वही मागू नका. त्याला बसवा, पाच ओळी उतरवायला द्या आणि त्याच्या शेजारी, थोडं मागे बसा. समोर बसलात तर हात दिसत नाही.

पाचवीतला एक मुलगा होता, कसबा बावड्याचा. आई म्हणाली, "पोरगं हुशार हाय ओ, पण पेपर अर्धाच सोडून येतंय. हात दुखतोय म्हणतंय." तो लिहायला बसला. त्याची तर्जनी पहिल्या पेरापाशी उलटी वाकलेली, नखाखाली पांढरी पडलेली. अंगठा पेन्सिलीवरून पलीकडे जाऊन तर्जनीला मिठी मारून बसलेला. दर चार शब्दांनी तो हात झटकायचा. मी वही उलटी केली आणि पानाच्या मागच्या बाजूवर बोट फिरवलं. डोळे मिटून वाचता येईल इतकी अक्षरं उठली होती. खाली तीन पानांपर्यंत छाप. मग पायांकडे बघितलं. ते जमिनीपासून वीतभर वर लोंबकळत होते. घरी तो जेवणाच्या टेबलावर, मोठ्यांच्या खुर्चीत बसून अभ्यास करायचा. टेबल त्याच्या काखेपर्यंत यायचं, म्हणून खांदा वर, कोपर हवेत, आणि शरीर सावरायचं सगळं काम त्या तीन बोटांवर.

त्याला पहिले आठ दिवस मी एकही अक्षर शिकवलं नाही. खुर्चीवर उशी, पायाखाली पाट, टेबल कोपराच्या उंचीला. एचबीऐवजी २बी पेन्सिल, म्हणजे हलक्या हातानंही काळं उमटतं. पानाखाली कार्बन आणि कोरा कागद ठेवला आणि खेळ लावला: वरच्या कागदावर दिसलं पाहिजे, खालच्यावर उमटलं नाही पाहिजे. चौथ्या दिवशी खालचा कागद जवळजवळ कोरा आला तेव्हा त्यानं तो घरी नेऊन देव्हाऱ्यात ठेवला. मग आम्ही अक्षराला हात घातला, आणि तीन आठवड्यांत त्याचं अक्षर आपलंआपण बसलं, कारण अक्षर वाईट नव्हतंच, हात अवघडला होता.

तेव्हा बघायच्या गोष्टी म्हणजे पकड, दाब, बैठक, वहीचा कोन आणि दुसरा हात. पेन्सिल अंगठा आणि तर्जनीत धरलेली, मधल्या बोटावर टेकलेली, टोकापासून दोनेक सेंटिमीटर वर. लहान मुलाची पकड चुकत असेल तर बोटभर लांबीचा पेन्सिलीचा तुकडा द्या. मूठ मारायला जागाच उरत नाही. नऊ-दहा वर्षांपुढच्या मुलाची पकड वेगळी असली पण हात दुखत नसेल आणि वेग ठीक असेल, तर मी ती बदलत नाही. आयुष्यभराची सवय मोडायला महिने जातात आणि मूल रडकुंडीला येतं. दुसरा हात वहीवर नसतो तेव्हा वही सरकते आणि ओळ चढते. अर्ध्या तक्रारी नुसता डावा हात वहीवर ठेवल्यानं मिटतात.

उजव्या हातानं लिहिणाऱ्याच्या वहीची वरची बाजू थोडी डावीकडे झुकलेली हवी. डावखुऱ्याची उजवीकडे, आणि त्यानं पेन टोकापासून आणखी वर धरायचं, म्हणजे लिहिलेलं हाताखाली झाकत नाही आणि शाई पुसत नाही. त्याला बाकाच्या डाव्या टोकाला बसवा, नाहीतर शेजाऱ्याच्या कोपराशी दिवसभर मारामारी. एखादी आजी म्हणेल, "उजव्या हातानं लिवाय लावा." आजींना चहा द्या, समजावून सांगा, पण हात बदलू नका.

काही मुलं आपली नसतात, आणि हे ओळखणं तुमच्या प्रामाणिकपणाचा भाग आहे. सातवं वर्ष उलटून गेल्यावरही b-d सतत उलटसुलट होणं, तोंडी सगळं येणं पण दोन ओळी लिहिताना शब्दच गळणं, ओळीवर अक्षर बसवताच न येणं, दोन महिन्यांत तसूभर फरक न पडणं. आधी डोळे तपासायला सांगा. मग बालरोगतज्ज्ञ किंवा ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे हाताची रोजची कामं सुधारून देणारे तज्ज्ञ. डिसग्राफिया, म्हणजे लिहिण्यातली अक्षमता, हा शब्द तुम्ही निदान म्हणून वापरू नका, तो आपला अधिकार नाही. "एकदा दाखवून घ्या" एवढंच म्हणा. लेखनासंबंधी अध्ययन अक्षमता २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात धरलेली आहे आणि प्रमाणपत्र असेल तर बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळासारख्या सवलती मिळतात. वेळेवर सांगितलंत तर त्या मुलाची दहावी वाचते.

पाच वर्षांखालचं मूल मी घेत नाही. त्या हाताला माती, कात्री, मणी ओवणं हवं.

३० तास कसे बांधायचे

माझा कोर्स ३० तासांचा. आठवड्याला ५ दिवस, ६ आठवडे. पहिल्या दिवशी एक परिच्छेद उतरवून घ्यायचा, तारीख टाकायची आणि ते पान फाइलला लावायचं. हेच वहीचं पहिलं पान. शेवटच्या दिवशी तोच परिच्छेद, तेवढ्याच वेळात. पालकांना दाखवायला तुमच्याकडे यापेक्षा मोठं काही नाही, पदवी असती तरी नसतं. दुसऱ्यांना दाखवताना मुलाचं नाव झाका आणि आईबापाची परवानगी लेखी घ्या.

पहिला आठवडा बैठक, पकड आणि नुसती वळणं: उभ्या रेघा, आडव्या रेघा, गोल, कमानी, फास. दुसरा-तिसरा आठवडा अक्षरांची घराणी, रोज एक. चौथ्यात काना, वेलांट्या, उकार, रफार, जोडाक्षरं. वेलांटी अक्षरावर छत्रीसारखी हवी, शेजारच्या घरावर पडलेल्या पत्र्यासारखी नको, असं मी मुलांना म्हणते. पाचवा अंतराचा. दोन शब्दांत करंगळी मावेल एवढी जागा. नुसतं अंतर सुधारलं तरी पान स्वच्छ दिसतं, अक्षर तेच असलं तरी. सहावा वेगाचा.

शिरोरेषेबद्दल थोडं थांबून सांगते, कारण इथे शिक्षकांत मतभेद आहेत. लहानपणी प्रत्येक अक्षरावर वेगळी रेघ मारायची सवय लागते, त्यानं शब्दाच्या डोक्यावर पायऱ्या होतात. सगळा शब्द लिहून झाला की एका झटक्यात रेघ, ही सवय लावा. मोठी मुलं परीक्षेत वेळ वाचावा म्हणून रेघ सोडूनच देतात. मी त्यांना फळ्यावर चार अक्षरं काढून दाखवते: म आणि भ, घ आणि ध. म आणि घ च्या डोक्यावरची रेघ अखंड, भ आणि ध ची तुटलेली. घाईत भ-ध च्या गाठी नीट पडत नाहीत, तेव्हा ती तुटलेली रेघच त्यांना वाचवते. रेघ काढून टाका आणि "धन" चा "घन" होतो, "भात" चा "मात". ख चे पाय जोडले नाहीत तर तो "रव" होतो, ते वेगळंच. एकदा हे दिसलं की मुलं आपणहून रेघ द्यायला लागतात.

वेग मोजताना एका मुलाची दुसऱ्याशी तुलना करू नका. १० मिनिटांत किती शब्द उतरले ते लिहा आणि पुढच्या आठवड्यात त्याच्याच आकड्याशी ताडून बघा. दहावीला भाषेचा पेपर ८० गुणांचा आणि ३ तासांचा असतो. नववी-दहावीच्या मुलाला शेवटच्या आठवड्यात सलग तासभर लिहायला बसवा. दहा मिनिटं सुंदर आणि चाळिसाव्या मिनिटाला ढासळलेलं अक्षर त्याच्या कामाचं नाही. शिष्यवृत्तीची परीक्षा मात्र बहुपर्यायी असते. कोल्हापुरात शिष्यवृत्तीचं वेड मोठं, आणि पालक विचारतात की अक्षरानं तिथे फायदा होईल का. होणार नाही असं सरळ सांगा.

पहिली तीन मुलं, आणि फी

पैसे घेण्याआधी तीन मुलं महिनाभर फुकट शिकवा. गल्लीतली, नात्यातली, पण वेगवेगळ्या वयाची, आणि त्यातलं एक तरी डावखुरं शोधा. रोज रात्री पाच ओळी लिहा: आज काय सांगितलं, काय लागू पडलं, कुठे मूल कंटाळलं. या तीन मुलांच्या पहिल्या आणि शेवटच्या पानांवर माझी पहिली पैसे देणारी बॅच भरली. पत्रकं वाटली नव्हती.

सुरुवातीला मी पूर्ण कोर्सचे ९०० रुपये घ्यायचे, आता २,४०० घेते, वही-पेन्सिल त्यातच. ८ मुलांची बॅच; नववं मूल घेतलं की आठही हात बघायचे राहतात. म्हणजे एका बॅचचे १९,२०० रुपये, त्यातून वह्या, वीज, झेरॉक्स जातं. घरातलीच खोली असेल तर हे जमतं. हॉल भाड्यानं घ्यायची घाई पहिली दोन वर्षं करू नका. फुलेवाडी, उचगावसारख्या बाजूला फी थोडी कमी ठेवावी लागेल, पण तिथे असे वर्ग कमी आहेत आणि मुलांना शहरात आणून सोडणं आईवडिलांना जड जातं, तेव्हा तुमचं घर तिकडे असेल तर तिथेच सुरू करा.

फी महिन्यावर ठरवू नका, तासांवर ठरवा. २०१९ आणि २०२१ च्या पुरात रमणमळा, शाहूपुरीकडची माझी मुलं कितीतरी दिवस येऊ शकली नाहीत. तासांचा हिशेब होता म्हणून कुणाचं नुकसान झालं नाही आणि वादही झाला नाही. पावसाळ्याचं आणखी एक: जुलैत इथे कागद दमट होतो, शाई पसरते, शाईपेन शिकवायला काढू नका. वह्या पत्र्याच्या पेटीत ठेवा. शाईपेनाचे धडे दिवाळीनंतर. सगळ्यात मोठी गर्दी उन्हाळ्याच्या सुट्टीत होते. सकाळी ८ ते ११ मध्ये तीन बॅच होतात, दुपारी घामानं वही हाताला चिकटते. जूनमध्ये शाळा सुरू झाल्या की महिनाभर कुणी येत नाही, त्याची तजवीज मे महिन्यातच करून ठेवा.

शाळेत जाऊन शिकवायचं असेल तर

शाळेत ४० मुलांच्या वर्गावर १० दिवस शिकवण्यानं नाव होतं. पण सगळं कागदावर घ्या. एका शाळेनं मला "आधी कार्यशाळा करा, मग वर्षभराचं बघू" असं सांगून दहा दिवस बोलावलं. माझ्या सरावाच्या पानांच्या झेरॉक्स काढून घेतल्या आणि पुढच्या महिन्यापासून त्याच पानांवर त्यांच्याच बाईंनी तास सुरू केला. मला रिक्षाचे पैसेही मिळाले नाहीत. मी खूप रडले होते. तेव्हापासून मुख्याध्यापकांच्या सहीचं पत्र हातात आल्याशिवाय मी फाटकातून आत जात नाही. पत्रात दिवस, तास, मुलांची संख्या, मानधन आणि पैसे कधी मिळणार एवढं हवं. सरावाच्या प्रत्येक पानावर खाली आपलं नाव छापून घ्या, आणि निम्मं मानधन पहिल्या दिवशी मागा. मागताना जीभ अडखळते, घरी आरशासमोर बोलून बघा.

मोठी माणसंही येतात

हे मला सुरुवातीला माहीतच नव्हतं. एमपीएससीची राज्यसेवा मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली, आणि इतकी वर्षं गोळे काळे करण्याचा सराव केलेल्या मुलामुलींना एकदम पानंच्या पानं लिहायची वेळ आली. अभ्यासिकेतून थेट माझ्याकडे येतात, संध्याकाळी ७ नंतर. त्यांची बॅच वेगळी ठेवा, आणि त्यांना गमभन गिरवायला बसवू नका, अपमान वाटतो. त्यांचं एक लिहिलेलं उत्तर घ्या, लाल पेनानं फक्त न वाचता येणाऱ्या अक्षरांवर गोल करा. बहुतेकांची चार किंवा पाच अक्षरंच पान बिघडवत असतात. तेवढीच दुरुस्त करायची, बाकीच्या वळणाला हात लावायचा नाही.

कागलहून एसटीनं येणारा एक मुलगा होता, त्याचे फक्त "त्र", "ध" आणि "ण" वाचता येत नव्हते. तीन अक्षरं, बारा तास. मी त्याला कोऱ्या रेघी कागदांचा गठ्ठा दिला आणि सांगितलं, रोज एक उत्तर घड्याळ लावून लिही, आणि ते तुझ्या आईला मोठ्यानं वाचायला दे. आई जिथे अडखळेल तिथे खूण कर आणि दुसऱ्या दिवशी ते पान माझ्याकडे घेऊन ये. पहिल्या पानावर सतरा खुणा होत्या. बाराव्या तासाला त्यानं आणलेल्या पानावर दोन होत्या, आणि त्यातली एक, तो म्हणाला, आईचा चष्मा नव्हता म्हणून.